जुन्या मालमोटारीची पारख

१९४६ साली, ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी आणि तिच्या पिछाडीस पसरलेल्या असंख्य ठाण्यांसाठी हिंदुस्थानात उतरविलेल्या लष्करी मोटारींचे युद्ध सरल्यावर काय करावयाचे हा प्रश्न सरकारपुढे उभा राहिला, आणि त्याचे जे उत्तर निघाले त्याने या देशातील मालवाहतुकीच्या खासगी धंद्याला पुढील दहा-पंधरा वर्षांचे भांडवल पुरविले. अमेरिकेने लेंड-लीजच्या, म्हणजे युद्धकाळात मित्रराष्ट्रांना पुरविलेल्या साहित्याच्या, हिशेबाची तडजोड करताना आपला येथील शिल्लक साठा हिंदुस्थान सरकारच्या स्वाधीन केला. ब्रिटिश फौजेचाही गरजेबाहेरचा माल विक्रीस निघाला. आणि डिस्पोजल्स खात्याच्या विक्रीतून फोर्ड, शेव्हरोले, जीएमसी, डॉज, बेडफर्ड अशा नावांच्या, हिरव्या नाहीतर मातकट रंगाच्या गाड्या साध्या लोकांच्या हाती पडू लागल्या. नवी मालमोटार घेण्याची ऐपत नसलेल्या, आणि ऐपत असली तरी ती वेळेवर मिळण्याची शाश्वती नसलेल्या माणसाला ‘डिस्पोजलची गाडी’ हाच धंद्यात शिरण्याचा दरवाजा होता.

मोटारीचा इतिहास लिहिणारे बहुधा कारखान्यांचा इतिहास लिहितात. कोणत्या साली कोणता करार झाला, कोणत्या साली पहिली गाडी बाहेर पडली, याच्या नोंदी दप्तरांत सापडतात, म्हणून त्या लिहिणे सुकर होते. परंतु १९५९ साली मसानी समितीने रस्तावाहतुकीची पाहणी केली तेव्हा हा धंदा प्रामुख्याने एखाद-दुसऱ्या गाडीच्या मालकांच्या हाती असल्याचे तिला दिसून आले, आणि अशा मालकाची पहिली गाडी पुष्कळदा जुनी असे. ती घ्यावी की न घ्यावी हा निर्णय त्याच्या घराचे पुढील दहा वर्षांचे भवितव्य ठरवीत असे. त्यापायी शेत गहाण पडे, घरातले सोने मोडले जाई. असा निर्णय करण्याची एक विद्या आपल्याकडे रीतसर घडली, ती कोणी ग्रंथात नोंदविली नाही, आणि ती जाणणारी माणसे आता थोडी उरली आहेत. या विद्येचा गाभा यंत्राच्या परीक्षेपेक्षा गाडीच्या पूर्वायुष्याच्या चौकशीत होता, असे माझे मत झाले आहे. या गाडीने कोणते काम केले, कोणाच्या हाताखाली केले आणि ती किती काळ निकामी उभी राहिली, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याला मिळाली त्याने इंजिनाचे झाकण उघडण्यापूर्वीच निम्मा निर्णय केलेला असे.

युद्धापूर्वीही जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री होतीच. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीस गाड्या जोडण्याचा कारखाना काढला, पाठोपाठ फोर्डनेही मुंबईत जम बसविला, आणि त्याच सुमारास मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने रस्त्यांच्या दुरवस्थेकडे सरकारचे लक्ष वेधल्यामुळे १९२९ पासून पेट्रोलवरील कराचा काही भाग रस्त्यांकडे वळू लागला. रस्ते थोडे सुधारताच मालमोटारी रेल्वेचा माल ओढू लागल्या; रेल्वेच्या उत्पन्नाची चिंता लागलेल्या सरकारने चौकश्या नेमल्या; आणि त्यांची परिणती १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात झाली. त्या कायद्याने परवाना आणि फिटनेसचा दाखला या दोन गोष्टी प्रत्येक मालमोटारीच्या गळ्यात बांधल्या. त्यांपैकी परवान्याचे महत्त्व पुढे किती वाढले ते यथाक्रम येईलच.

युद्धकाळाने मात्र जुन्या गाड्यांची एक निराळीच जात निर्माण केली. १९४१ साली पेट्रोलवर नियंत्रण आल्यावर मुलकी वाहतुकीच्या अनेक बसगाड्या आणि मालमोटारी कोळशाच्या गॅसवर चालविल्या जाऊ लागल्या. गाडीच्या मागे किंवा बाजूस एक उभे पिंप बसवावयाचे, त्यात लोणारी कोळसा पेटवावयाचा आणि त्यातून निघणारा गॅस गाळून इंजिनास पुरवावयाचा, अशी ती व्यवस्था होती. गाळणी चोख असेल तोवर ठीक. परंतु चढावर जोर मिळेना म्हणून, नाहीतर साफ करण्याचा कंटाळा म्हणून, ड्रायव्हर त्या गाळणीची हेळसांड करीत, आणि मग राख व डांबर सरळ सिलिंडरात जाऊन त्याच्या भिंती खरवडून काढीत. त्यामुळे युद्धानंतर विक्रीस आलेली मुलकी गाडी पाहावयास गेलेला जाणता इसम पहिला प्रश्न विचारी तो हाच, की ही कोळशावर चालली होती काय. आणि विकणाऱ्याने नाही म्हटले तरी पिंप बसविण्यासाठी चॅसीला पाडलेली भोके तो बोटाने चाचपून पाही.

लष्करी गाडीची गोष्ट वेगळी होती. कॅनडाने युद्धकाळात आठ लाखांहून अधिक लष्करी वाहने तयार केली आणि त्यांतील फोर्ड व शेव्हरोले बनावटीच्या आखूड नाकाच्या मालमोटारी मोठ्या संख्येने हिंदुस्थानात आल्या. बाहेरून त्या सारख्याच दिसत. पण आत एकीत आठ सिलिंडरांचे फोर्डचे इंजिन, तर दुसरीत सहा सिलिंडरांचे, २१६ घन इंचांचे शेव्हरोलेचे इंजिन असे, आणि या फरकावर घेणाऱ्याचे नशीब अवलंबून राही. फोर्डच्या इंजिनात जळालेला वायू बाहेर नेणारे मार्ग ठोकळ्याच्या पोटातून, पाण्याच्या वेष्टणाला चिकटून जात. त्यामुळे पाणी तापे, आणि घाटात भर उन्हात तापलेल्या इंजिनावर घाईने गार पाणी ओतणारा क्लीनर असला की ठोकळ्याला तडा जाई. शेव्हरोले तापत नसे, पण तिच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना तेल दाबाने न मिळता हौदातून उडालेल्या तेलावर भागवावे लागे, आणि ती बेअरिंगे पांढरा धातू वितळवून ओतलेली असत. तेल कमी पडून एखादे बेअरिंग गेले तर नवे विकत मिळण्याची सोय नव्हती. ते ओतून, खरवडून, जुळवून घ्यावे लागे, आणि हे काम नेटके करणारा मिस्त्री जवळपास आहे की नाही हे पाहूनच शहाणा मनुष्य शेव्हरोलेला हात घाली. जीएमसीची दहा चाकांची अमेरिकन गाडी सर्वांत दणकट. चिखलातून, नाल्यातून, शेतातून ती निघे. पण तिचे सुकाणू डावीकडे, तिचे तिन्ही आस ओढणारे, आणि तिची पेट्रोलची भूक एवढी की ऊस किंवा कांदा वाहून ती भागविणे दुरापास्त. जंगलातील ओंडक्यांचे नाहीतर धरणावरील ठेक्याचे काम हाती असलेल्यानेच ती घ्यावी, असा व्यवहार होता.

या गाड्या युद्धात झिजलेल्याच असत असे नाही. कित्येक गाड्या थोडेसे अंतर चालून दोन-दोन पावसाळे उघड्या मैदानावर रांगेने उभ्या राहिलेल्या असत, आणि येथेच नवख्या माणसाची फसगत होई. काट्यावरचे मैल पाहून तो हर्षभरित होई, परंतु राबून झिजलेली गाडी आणि न राबता कुजलेली गाडी यांत दुसरी अधिक घातक असते हे त्यास ठाऊक नसे. राबणाऱ्या गाडीची झीज जागच्या जागी आणि अपेक्षित ठिकाणी होते. किंगपिन, ब्रेकचे पट्टे, क्लच, पिस्टनच्या रिंगा हे भाग झिजावयाचेच असतात आणि ते बदलताही येतात. उभ्या राहिलेल्या गाडीत मात्र बिघाड कोठे लपला आहे याचा ठाव लागत नाही. व्हॉल्व्ह उघडे राहिलेल्या सिलिंडरात दमट हवा शिरून रिंगा भिंतीला धरून बसतात. ब्रेकच्या सिलिंडरांत गंज धरतो. रेडिएटरच्या नळ्यांत चिखल घट्ट होतो. तारांचे वेष्टण उंदीर खातात. आणि एकाच जागी भार सोसून टायर बाहेरून नवे दिसत असूनही आतून तडकतात. अशी गाडी हँडल मारून लगोलग सुरू करून पाहण्याचा आग्रह धरणारा ग्राहक आपल्याच भावी मालमत्तेचा घात करी. जाणता मिस्त्री प्लग काढून प्रत्येक सिलिंडरात रॉकेल आणि तेल यांचे मिश्रण ओते, एक-दोन दिवस जाऊ देई, आणि मग हँडल हलक्या हाताने दोन्ही दिशांना थोडेथोडे हलवून इंजिन मोकळे होते का ते पाही.

हा मिस्त्री कोण, आणि त्याच्या शब्दाला एवढे वजन कोठून आले? महाराष्ट्रात बैलाची खरेदी हे शतकानुशतके अत्यंत गांभीर्याने करावयाचे कृत्य होते. खिल्लार बैलांच्या बाजारात दात, खूर, खांदा, चाल पाहून जनावराचे वय आणि त्याने केलेले काम सांगणारे जाणकार असत, आणि दोघा दलालांनी रुमालाखाली बोटे दाबून किंमत ठरविण्याची रीत असे. या बाजारात वाढलेला शेतकरी मालमोटार घेण्यास निघाला तेव्हा त्याला यंत्र समजत नव्हते, पण जाणकारास बरोबर नेल्यावाचून सौदा करू नये ही शिस्त त्याच्या अंगवळणी पडलेली होती. दुसरीकडे युद्धात हिंदी सैन्य पंचवीस लाखांपर्यंत वाढले होते, आणि सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडचे पुष्कळ शिपाई फौजेत मोटार हाकण्यास व दुरुस्त करण्यास शिकून परतले होते. ज्या गाड्या आता लिलावात निघत होत्या त्याच त्यांनी आसाम-मणिपूरच्या चिखलात चालविलेल्या होत्या. बैलबाजारातील शिस्त आणि फौजेतील हात यांच्या संयोगातून आपल्याकडचा मोटारपारखी मिस्त्री घडला. तो पाहणीचा मोबदला घेई, पण गाडी पसंत पडली तर अधिक आणि नापसंत ठरली तर कमी असा भेद चांगला मिस्त्री कधी करीत नसे. दलाली ज्याची त्याने घ्यावी. पारख करणाऱ्याने दोन्हीकडून पैसा घेतला की त्याचा धंदा बसला, ही त्या वर्गाची स्वयंघोषित मर्यादा मला फार मोलाची वाटते.

त्याची पाहण्याची पद्धत सांगण्याजोगी आहे. इंजिनाकडे तो शेवटी वळे. प्रथम तो गाडीपासून पंधरा-वीस पावले मागे जाऊन खाली बसे आणि मागची चाके पुढच्या चाकांच्या रेषेत आहेत की गाडी तिरकी उभी आहे ते पाही. मग चॅसीच्या दोन्ही लांब पट्ट्यांवरून नजर सरळ फिरवी, आणि संशय आला तर कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सूत लावून दोन्ही कर्ण सारखे भरतात का ते मोजी. आडव्या पट्ट्यांचे रिव्हेट तो एकेक करून हातोडीच्या टोकाने वाजवून पाही. रिव्हेटभोवती तांबूस भुकटी दिसली तर तो जोड आतल्या आत हलतो आहे असा त्याचा अर्थ. चॅसीवर आतून पट्टी मारून वेल्डिंग केले असेल तर त्यावर नवा रंग चढविलेला असतोच. म्हणून गाडीच्या पोटाखाली रंग ताजा असणे हा दोष, आणि जुनी मळकट धूळ असणे हा गुण. चॅसी गेलेली गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये, असे सांगणारे मिस्त्री होते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे ते बरोबर होते. इंजिन बदलता येते, गिअरपेटी बदलता येते, पण चॅसी मोडली की गाडी या नावाने जे काही आहे तेच मोडले.

त्यानंतर पुढचे चाक जॅकवर उचलून दोन्ही हातांनी वरखाली हलवून किंगपिनचा खेळ तो अजमावी. मागचे चाक पुढेमागे फिरवून प्रोपेलर शाफ्ट हलण्यापूर्वी ते किती मोकळे फिरते यावरून डिफरन्शियलच्या दात्यांची झीज ताडी. पाट्यांच्या कमानी बसल्या आहेत का, एखादा पाटा तुटून दुसऱ्याच्या आधाराने लपला आहे का, हे बघून झाल्यावर मग इंजिन. तेही सुरू करण्यापूर्वी तो तेलाच्या हौदाचा खालचा बोल्ट किंचित सैल करी, कारण तेलात पाणी उतरले असेल तर ते तळाशी बसते आणि पहिल्यांदा पाण्याचेच थेंब येतात. ढवळलेले तेल ताकासारखे पांढुरके दिसले तर हेडचे गॅस्केट किंवा ठोकळा गेला असे समजावे. हँडलने एकेक सिलिंडर वर आणताना हाताला लागणारा दाब सारखा आहे की नाही हे त्याला कोणत्याही मापकाविना कळे. धूर निळा असेल तर इंजिन तेल खाते, काळा असेल तर इंधन नीट जळत नाही, हे तर क्लीनरही सांगे. पण तापलेल्या इंजिनाच्या तेलाचे झाकण उघडून तेथून वाफ किती जोराने बाहेर येते हे पाहणारा मिस्त्री विरळा. शेवटची परीक्षा घाटातली. १८३० साली वाहतुकीस खुला झालेला बोरघाट, कराडहून चिपळुणास उतरणारा कुंभार्ली, पुण्याहून साताऱ्यास जाताना लागणारा खंबाटकी, हे त्या काळी मालमोटारींचे खरे न्यायासन होते. भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उतारावर सोडली असता गिअर आपोआप सुटला तर गिअरपेटीबद्दल विकणाऱ्याने दिलेली सगळी ग्वाही तेथेच निकालात निघे.

परंतु हे सारे जेवढे पाहण्याचे, तेवढेच विचारण्याचे होते. आपल्या प्रदेशात मालमोटार कोणत्या मुलखात राबली यावर तिचे दुखणे ठरे. उरण, पेण, वसई, भाईंदरकडच्या मिठागरांवर चाललेली गाडी वरून कितीही देखणी असो, मिठाचे पाणी पट्ट्यांच्या घड्यांत मुरून ती आतून खाल्ली जाई, आणि हातोडीचा आवाज तेथे टणत्कार न करता बद्द येई. नदीची ओली वाळू वाहणाऱ्या गाडीचा हौदा आणि मागच्या पट्ट्या तशाच कुजत. चांद्याच्या जंगलातून सागाचे ओंडके आणणाऱ्या गाडीची चॅसी पिळवटलेली असण्याचा संभव, कारण खड्ड्यांच्या जंगलवाटांवर ते ओझे कधी एका कुशीवर तर कधी दुसऱ्या कुशीवर कलंडे. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याने १९५०-५१ साली पहिला गळीत हंगाम घेतल्यानंतर नगर जिल्ह्यात आणि हळूहळू सगळ्या पश्चिम महाराष्ट्रात ऊस वाहणाऱ्या गाड्यांची एक जातच तयार झाली. हंगामाचे काही महिने मर्यादेबाहेर भरणे आणि उरलेले महिने खळ्यात उभे राहणे, असा त्यांचा वर्षक्रम असल्याने राबण्याचे आणि न राबण्याचे दोन्ही दोष त्यांच्या ठायी एकवटत. गोव्यात, पोर्तुगीज अंमलातच १९५० च्या दशकात जपानकडे जाणाऱ्या लोहखनिजाने जोर धरला तेव्हा डिचोली-साखळीकडच्या खाणींवरून नदीकाठच्या धक्क्यापर्यंत खेपा करणाऱ्या गाड्यांचे अंतर थोडे, पण भार अवजड आणि दिवसभरात गिअर बदलण्याची संख्या अगणित. तिथली गाडी काट्यावर कमी मैल दाखवी, पण क्लच, गिअरपेटी आणि मागचा आस यांनी दुप्पट आयुष्य भोगलेले असे. सर्वांत निर्धोक समजली जाई ती धान्य अथवा किराणा घेऊन एकाच मार्गावर एकाच ड्रायव्हरच्या हाताखाली चाललेली गाडी. म्हणून शहाणा घेणारा मालकापेक्षा ड्रायव्हरला गाठी. हॉटेलात बसवून, चहा पाजून, ‘अण्णा, ही तुम्हांला कुठे कुठे दगा देत होती?’ असा सरळ प्रश्न विचारला तर माणूस सहसा खोटे बोलत नसे. ज्या गाडीने त्याला रात्री-अपरात्री रानात उभे केले तिचा राग, किंवा जिने त्याला सांभाळले तिचा जिव्हाळा, त्याच्या बोलण्यात लपत नसे.

विकणाऱ्यांच्या युक्त्याही होत्या आणि त्यांचे वर्णन टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. गिअरपेटीत अथवा डिफरन्शियलमध्ये तेलाबरोबर लाकडाचा भुसा टाकला की झिजलेल्या दात्यांचा आवाज काही दिवस दबे. इंजिनात जाडे तेल घातले की धूर आणि ठोका दोन्ही तात्पुरते थांबत. ग्राहक येण्यापूर्वी इंजिन तापवून ठेवणे ही तर नित्याची रीत. म्हणून अनुभवी मिस्त्री पाहणीस हात घालण्यापूर्वीच हेडवर तळहात ठेवी, आणि ते गरम लागले तर ‘उद्या सकाळी येतो’ असे म्हणून परत फिरे. या युक्त्यांमुळे किती कुटुंबे देशोधडीला लागली याची मोजदाद कोठेही नाही, आणि मला तो या धंद्याच्या इतिहासातील दुःखद भाग वाटतो.

इतके सारे जमले तरी कागदपत्रांचा प्रश्न उरे, आणि १९५० नंतर तो लोखंडापेक्षाही वरचढ झाला. १९३९ च्या कायद्याखाली मालवाहतुकीचा परवाना प्रादेशिक परिवहन प्राधिकरण देई आणि तो त्याच्या संमतीवाचून दुसऱ्याच्या नावे होत नसे. परवाने मर्यादित असल्यामुळे गाडी जुनी, मोडकी, बेवारशी पडलेली असली तरी तिच्या मागे चालू परवाना असेल तर तिची किंमत तिच्या धातूच्या किमतीच्या कितीतरी पट होई; कारण प्राधिकरणाच्या संमतीने त्या परवान्यावर दुसरी गाडी लावता येत असे. अशा वेळी लोक गाडी विकत घेत नसून हक्क विकत घेत. नाव बदलण्याची मंजुरी लांबली तर मुखत्यारपत्रावर गाडी चालविण्याचा प्रघात पडला, आणि त्यातून अपघात झाल्यावर जबाबदारी नोंदणीपुस्तकातील मालकाची की चालविणाऱ्याची असे दावे न्यायालयांत चालत राहिले. नोंदणीपुस्तकात हप्तेबंदीच्या कराराची नोंद असेल आणि हप्ते फिटल्याचा दाखला नसेल तर गाडी घरी आणल्यावरही ती ओढून नेली जाण्याची धास्ती असे. दुर्लक्षित गाडीच्या बाबतीत आणखी एक खाच होती. १९५८ च्या मुंबई मोटार वाहन कर कायद्याखाली गाडी वापरात नसल्याची सूचना आगाऊ दिली असेल तरच त्या काळाच्या करातून सूट मिळे. ज्या मालकाने आळसाने वा अज्ञानाने ती दिली नाही त्याच्या उभ्या गाडीवर कर आणि दंड वाढतच राही. चार वर्षे झाडाखाली कुजलेली गाडी स्वस्तात घेतली म्हणून आनंदलेला मनुष्य कचेरीत गेला की थकबाकीचा आकडा पाहून हतबुद्ध होई. म्हणून जाणते लोक विसार देण्यापूर्वी स्वतः कचेरीत जाऊन चॅसीचा क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक यांची नोंदीशी रुजुवात करीत, आणि क्रमांकाच्या जागेवर कानशीचे ओरखडे दिसले तर पुढे एक शब्दही न बोलता परत येत.

दरम्यान बाजारातील गाड्या बदलल्या. वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात १९४७ पासून क्रायस्लरच्या गाड्या जोडण्यास प्रारंभ केल्यावर फार्गो आणि डॉज मालमोटारी मिळू लागल्या होत्या. देशात सुटे भाग बनविण्याची योजना नसलेल्या परदेशी कंपन्यांना गाशा गुंडाळावा लागला, आणि जनरल मोटर्सने १९५४ साली आपले येथील काम थांबविले. त्याच वर्षी टेल्को आणि डाइम्लर-बेंझ यांचा करार होऊन जमशेदपुरास डिझेलच्या मालमोटारी तयार होऊ लागल्या. या एका वर्षाने जुन्या गाड्यांची उतरंड पालटली. पेट्रोलवर चालणाऱ्या डिस्पोजलच्या गाडीचा खर्च डिझेलच्या गाडीपुढे टिकेना, आणि शेव्हरोले-फोर्डचे सुटे भाग दिवसेंदिवस दुर्मीळ होऊ लागले. मुंबईत ऑपेरा हाउसच्या आसपासची दुकाने, कुर्ल्याचा भंगारबाजार, पुण्यातील नाना पेठ, या ठिकाणी ते भाग मोडलेल्या गाड्यांतून काढून विकले जात. ते आणखी किती वर्षे मिळतील याचा अंदाज हाही आता खरेदीच्या निर्णयाचा भाग झाला. उलट टाटा-मर्सिडीझचा प्रसार एवढा झाला की तिचा पिस्टन, लायनर, पाटा तालुक्याच्या गावीही मिळे. १९६९ साली तो करार संपून गाडीच्या तोंडावरील तारा गेला आणि टाटांचे अक्षर आले, तरी मिस्त्रींच्या दृष्टीने गाडी बव्हंशी तीच राहिली, आणि बाराशे दहा या क्रमांकाने ओळखली जाणारी गाडी जुन्या बाजारात जवळजवळ चलनी नाण्याचा मान पावली. चॅसी कंपनीची आणि केबिन-हौदा स्थानिक सुताराचा अशी तेव्हाची रीत असल्याने लाकडी केबिन कुजलेली असणे हा मोठा दोष मानला जात नसे. ज्यांनी केवळ केबिनच्या अवकळेवरून गाडी नाकारली त्यांनी चांगल्या गाड्या हातच्या घालविल्या, आणि ज्यांनी नव्या केबिनीच्या नक्षीवर भाळून पैसे मोजले त्यांनी कुजक्या चॅसी घरी आणल्या.

या सर्व पाहणीनंतर हिशेब मांडला जाई तो ढोबळ, पण सच्चा असे. विकणाऱ्याची मागणी, दुरुस्तीचा मिस्त्रीने सांगितलेला आकडा व त्यावर त्याच आकड्याचा निम्मा अनपेक्षित म्हणून धरलेला भाग, कर व परवान्याचा खर्च, टायरांचा एक संच, आणि गाडी दुरुस्तीत उभी असताना घरखर्चाला लागणारे पैसे, असे सगळे एका बाजूस मांडीत. यातील शेवटची बाब ज्यांनी वगळली ते बुडाले, असे जुने लोक एकमुखाने सांगत. दुसऱ्या बाजूस गाडीची कमाई धरताना वर्षाचे बारा महिने धरावयाचे नाहीत. पावसाळ्यात कोकण-देशावरचे रस्ते आणि बाजार दोन्ही मंदावतात, म्हणून आठच धरावयाचे. दोन्ही बाजू सव्वा-दीड वर्षात जुळत असतील तर घ्यावी, नाहीतर सोडावी. यात गाडीविषयीच्या मायेला जागा ठेवलेली नव्हती, आणि ते योग्यच होते. ज्याचे शेत गहाण पडावयाचे आहे त्याने जुन्या यंत्राच्या सौंदर्यावर लुब्ध होण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवू नये.

१ जुलै १९८९ पासून नवा मोटार वाहन कायदा अमलात आला, परवाने मोकळे झाले, आणि मोडक्या गाडीला केवळ कागदापोटी मिळणारी किंमत ओसरली; गाडी पुन्हा एकदा तिच्या लोखंडाच्या आणि कामाच्या किमतीवर आली. अलीकडे, २०२१ मध्ये जाहीर झालेल्या वाहनमोडीच्या धोरणानंतर, जुन्या गाड्यांची तपासणी मनुष्याच्या नजरेऐवजी स्वयंचलित केंद्रांतील यंत्रांवर सोपविली जात आहे. ब्रेकचा जोर आणि धुराचे प्रमाण ती यंत्रे मिस्त्रीपेक्षा अचूक मोजतील यात शंका नाही, आणि रस्त्यावरील इतरांच्या जिवाच्या दृष्टीने ते इष्टही आहे. परंतु गाडी मिठागरावर राबली की धान्याच्या पेठेत, हे त्या यंत्रांना विचारता येत नाही, आणि घेणाऱ्याला ते अजूनही स्वतःच विचारावे लागते.

आणि त्या काळी जी गाडी मिस्त्रीच्या कसोट्यांत पूर्णतः नापास होई तिचेही मोल शून्य नसे. घ्यावी की न घ्यावी या दोन उत्तरांखेरीज ‘मोडीसाठी घ्यावी’ असे एक तिसरे उत्तर मिस्त्रींपाशी असे, आणि त्याचा भाव वजनावर ठरे. अशा गाडीचे इंजिन कोठे विहिरीवर पाणी उपसण्यास जाई, पाटे लोहाराच्या भात्यापाशी जाऊन त्यांच्या पहारी आणि कोयते होत, फाळक्याच्या फळ्या गोठ्याला लागत. आणि पुढचा आस चाकांसह काढून त्यावर सुतार जो साटा बांधी त्याची टायरगाडी होई. साखर कारखान्यांच्या फाटकांबाहेर पहाटे रांगेने उभ्या असणाऱ्या उसाच्या टायरगाड्यांत अशा आसांवर बांधलेल्याही असत. लाकडी चाकाच्या गाडीपेक्षा तिच्यात माल अधिक मावे, बैलांच्या मानेवरचा ताण कमी होई, आणि रस्त्यालाही चाकोऱ्या पडत नसत. त्यामुळे नगर-कोल्हापूरकडचे ऊसवाले अशा आसासाठी मोडीच्या व्यापाऱ्याकडे आगाऊ पैसे देऊन ठेवीत.